खंडेनवमीचा नारळ

नगरचं सरकारी दूध केंद्र विकलं गेलं आणि आम्हा सगळ्यांना घरी बसवलं. दूध थंड करणाऱ्या कॉम्प्रेसरवर मी ऑपरेटर होतो. नवा मालक काही जुनी माणसं परत घेणार, अशी बातमी आमच्या गावापर्यंत, सोनईपर्यंत आली. कुणाला घेणार, हे मात्र कुणी सांगेना. पोरगी कॉलेजात, माझं वय पन्नाशीकडे झुकलेलं. फोन वाजला की बायको हातातलं काम टाकून दारात येऊन उभी राहायची.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी नव्या मालकाच्या मॅनेजरचा फोन आला. पूजेला या म्हणाला. केंद्रात आमची रीत होती, ज्याच्या हातून मशीनपुढे नारळ फुटेल, त्यानेच दसऱ्याला ते सुरू करायचं आणि पुढं वर्षभर चालवायचं. त्यावरून आमच्यात भांडणं व्हायची. त्यामुळे फोन ठेवला तो नोकरी लागल्यासारखाच.

बैल असो की बादली, मी भाव पाडल्याशिवाय घेत नाही. आधी कामावर घ्या, मग नारळ, एवढंच म्हणायचं होतं. पण देवाच्या कामात घासाघीस कशी करणार? कॉम्प्रेसर पुसला, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. मॅनेजरने फोटो काढले, पेढे दिले. कामाचं तो बोलला नाही, मीही विचारलं नाही.

दसऱ्याला पहिल्या एसटीने निघालो. बायकोने काही न विचारता डबा भरून दिला होता. गेटवर आमच्यातलाच एक जण ठेकेदाराचा वॉचमन म्हणून उभा. खाली बघत म्हणाला, "दादा, तुमाला आत सोडू नको म्हनलेत."

तेवढ्यात आत कॉम्प्रेसर सुरू झाला. तो आवाज मी झोपेतही ओळखला असता.

मी इतका ओरडलो की मॅनेजर बाहेर आला. "अहो, पूजेचा मान दिला की तुम्हाला."

"मान तुमच्याकडं ठेवा. काम द्या."

तो हसला आणि आत गेला. डबा तसाच घरी आणला.

आता सोनईत माझं मोटारी दुरुस्तीचं दुकान आहे. स्वतःच्या जिवावर उभं केलंय. मॅनेजर अजून दरवर्षी पूजेला बोलावतो. मी म्हणतो, आधी कामाची ऑर्डर हातात द्या, मग नारळ. तो फोन ठेवतो. तरी त्या दिवशी दुकान बंद करेपर्यंत मी मोबाईल खिशात घालत नाही, समोर टेबलावर ठेवतो.