रिकामं बसण्यासाठी

लखनऊतलं आमचं घर म्हणजे चारबाग स्टेशनची जादा वेटिंग रूम होती. विदर्भातून आपल्यातला कुणीही माणूस लखनऊला आला, की स्टेशनाबाहेर रिक्षा करायचा आणि थेट आमच्या दारात उतरायचा. कुणाची मुलाखत असायची, कुणाची बदली, कुणाला कुशीनगर बघायचं असायचं. बाबा सरकारी नोकरीत होते आणि पंधरा वर्षांपूर्वी त्यांना या शहरात उतरवून घ्यायला कुणीही आलं नव्हतं, त्याचा वचपा ते येणाऱ्या प्रत्येकाला उतरवून घेऊन काढत होते. दर रविवारी बाहेरच्या खोलीत बुद्धवंदना व्हायची आणि वंदनेनंतर चहा. चहा म्हणजे मी. कपबश्या धुणारी, साखर किती हे विचारणारी, सतरंज्या झटकणारी मी.

मला कमी काही नव्हतं. पंखा होता, नळाला पाणी होतं, फ्रिज होता, आणि क्वार्टरांच्या आमच्या रांगेत तो सगळ्यांच्या आधी आमच्याकडे आला होता. फक्त दार लावून बसायची सोय नव्हती. दार लावलं की बाहेरून कुणीतरी विचारायचं, ‘बरं नाही का?’ एकटं बसलेल्या मुलीला एक तर ताप असतो नाहीतर तिचं कुठेतरी जुळलेलं असतं, यापलीकडे तिसरं कारण आमच्याकडे कुणाला माहीत नव्हतं.

क्वार्टर मोठं असतं तर गोष्ट वेगळी झाली असती, आणि ते मोठं मिळतही होतं. मी लहान असताना बाबांना कॉलनीतलं कोपऱ्यावरचं, अगदी शेवटचं क्वार्टर देऊ केलं होतं. तीन खोल्या, मागे अंगण, अंगणात पेरूची झाडं. बाबांनी ते नाकारलं आणि रांगेच्या बरोबर मधलं, दोन खोल्यांचं मागून घेतलं. ऑफिसच्या लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. घरी येऊन बाबा म्हणाले, ‘माझा आजा गावाबाहेरच्या घरात मेला, बाप तिथंच मेला. मी मधे राहणार.’ पिढ्यान् पिढ्या गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसाच्या तोंडून हे वाक्य किती मोठं आहे, हे मला पुढे कळलं. त्या वेळी मला पेरू हवे होते.

सत्तरचं दशक संपत आलं तेव्हा माझं एम.ए. झालं होतं. पुढची वाट ठरलेली होती. नोकरीची परीक्षा, मग नोकरी, मग नागपूरकडचा शिकलेला मुलगा. मला त्यातल्या कशाचाच राग नव्हता. राग एवढाच होता, की या सगळ्याच्या आधी, मधे किंवा नंतर, कुठेच माझी एकटीची एक दुपारसुद्धा कुणी मांडलेली नव्हती. माझ्या एका मैत्रिणीचे वडील जंगलखात्यात होते. हिमालयाच्या पायथ्याच्या तराईत, साल वृक्षांच्या जंगलात, त्यांच्या हद्दीतली एक जुनी चौकी रिकामी पडली होती, कारण नवी चौकी रस्त्याजवळ बांधली होती. मी त्यांना विचारलं, हिवाळाभर मी तिथे राहू का? ते हसले आणि हो म्हणाले. पोरगी चार दिवसांत पळून येईल अशी त्यांची खात्री होती.

घरी मी जेवताना सांगितलं. त्या रात्री पाहुणे नव्हते, म्हणून.

‘जंगलात? काहून?’ बाबांनी विचारलं.

‘एकटं राहायचंय.’

‘दीदी पागल हो गई है,’ धाकटा भाऊ म्हणाला. त्याला मराठी सगळी कळायची, पण तोंडातून हिंदीच निघायची.

‘आणि परीक्षा?’

‘या वर्षी नाही देत.’

बाबांनी हातातली पोळी ताटात ठेवली. ते ओरडणाऱ्यातले नव्हते, आणि त्या दिवशीही ओरडले नाहीत. म्हणाले, ‘आपल्या लोकांना हजारो वर्षं गावाबाहेर ठेवलं. त्या बाहेरून इथवर, शहराच्या मधोमध, मी तुला आणलं. आणि तू आपल्या पायांनी परत बाहेर चालली?’

याला उत्तर नसतं असं त्यांना वाटत होतं. माझ्याजवळ होतं. मी म्हटलं, ‘तुम्हाला ठेवलं होतं. मी जातेय. आणि मला हवं तेव्हा परत येईन. हे तुमच्या आज्याला करता आलं असतं का?’

‘अच्छा! म्हणजे याच्यासाठी शिकवलं तुला.’

‘हो, याच्यासाठीच,’ मी म्हटलं. त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. मीही हट्टाला पेटले होते. बापाची मुलगी होते, दुसरं काय होणार.

आई या भांडणात एक अक्षर बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र मला रिक्षात घालून अमीनाबादला घेऊन गेली. तिथल्या गर्दीत तासभर घासाघीस करून तिने एक जाडजूड रजई घेतली, दुकानदाराला ‘भैया, रुई पुरानी तो नहीं?’ असं चारदा विचारून. परतताना रजई आम्हा दोघींच्या मांडीवर होती. आई म्हणाली, ‘तुझं मला काही समजत नाही. पण तू थंडीनं आजारी पडून आली तर तुझे बाबा जिंकतील. ते मला नाही पायजे.’

चारबागला छोट्या लाइनची, म्हणजे मीटरगेजची गाडी सुटत होती. भाऊ सामान चढवून गेला. आख्ख्या विदर्भाला उतरवून घ्यायला आणि चढवून द्यायला याच स्टेशनवर येणारे माझे बाबा मला सोडायला आले नाहीत. मला ते लागलं. गाडी हलेपर्यंत मी फाटकाकडे बघत होते, आणि गाडी हलल्यावर मनात म्हटलं, ठीक आहे, नका येऊ.

चौकी म्हणजे विटांची एक खोली, पुढे ओटा, ओट्यापासून थोडं दूर हातपंप. मागे जंगल, पुढे माणसाच्या डोक्यावर जाणारं पिवळं गवत. नव्या चौकीवरचा वनरक्षक सायकलवरून एक दिवसाआड माझी खबर घ्यायला यायचा, आणि आठवड्यातून एकदा बाजारातून पीठ, डाळ, रॉकेल आणून द्यायचा. पहिल्याच दिवशी त्याने बजावलं, ‘बिटिया, सूरज डूबे के बाद बाहर न निकलेव.’ मी निघत नव्हते. वाघाशी मला वाद घालायचा नव्हता.

सुरुवातीचे दिवस वाईट गेले, हे लपवायचं काय कारण? एकटं राहायला मिळावं म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं, आणि एकटी झाल्यावर मला काय करावं ते सुचेना. ओटा दोनदा झाडायची. भांडी घासलेली असली तरी घासायची. दर थोड्या वेळाने वाटायचं की आता कुणीतरी हाक मारेल, ‘अगं, जरा पाणी आण.’ हाक आली नाही की कान दुखायचे. एकदा तर मी चहा केला आणि सवयीने सहा कप पाणी टाकलं.

आणि मग एका दुपारी मी ओट्यावर ऊन खात बसले होते. धुकं उशिरा वितळलं होतं, गवतातून बारसिंग्यांचा कळप आला, त्याने माझ्याकडे बघितलं, मी काही महत्त्वाची नाही असं ठरवलं आणि चरायला लागला. बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं की मी कुणाचीही वाट बघत नाहीये. कुणाची मुलगी, कुणाची ताई, आपल्या समाजाची शिकलेली पोरगी, यातलं कुणीच तिथे बसलेलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी एकटीच मोठ्याने हसले. कळप पळून गेला. त्याची मी मनापासून माफी मागितली.

वनरक्षकाला माझं कोडं उलगडत नव्हतं. ‘पढ़ाई करत हौ?’ नाही. ‘पूजा-पाठ?’ नाही. ‘तौ का करत हौ?’ मी म्हटलं, ‘कुछ नहीं.’ तो हसून हसून दमला. त्यानंतर आला की सायकलवरूनच विचारायचा, ‘आजौ कुछ नहीं?’ आणि मी आतून ओरडायची, ‘कुछ नहीं!’

कडाक्याची थंडी सरत आली होती तेव्हा एका सकाळी त्याच सायकलच्या कॅरिअरवर बसून बाबा आले. कोट, टाय, पॉलिश केलेले बूट. घराबाहेर पडताना टाय लावायचा हा त्यांचा नेम जंगलानेही मोडला नव्हता. एका हाताने सीट आणि दुसऱ्या हाताने टाय धरून ते त्या खडबडीत वाटेवरून हेलकावे खात येत होते. मला हसू आलं आणि रडूही आलं. वनरक्षक त्यांना सोडून, गाडीच्या वेळेआधी येतो म्हणून निघून गेला.

बाबांनी चौकीला एक फेरी घातली. दाराची कडी हलवून पाहिली. हातपंप मारून पाहिला. मग ओट्यावर बसले आणि म्हणाले, ‘सामान बांध.’

‘नाही.’

‘रविवारी लोक विचारतात.’

‘विचारू देत.’

 मग आवाज खाली आणून बाबांनी जे म्हटलं, ते त्यांना जड गेलं असणार. ‘बरं, होळीपर्यंत राहा. पण मी लोकांना सांगतो, तू ध्यानाला बसली आहे. ध्यान म्हटलं की कुणी काही म्हणत नाही.’

ही तडजोड होती. माझ्या बाबांनी तडजोड केलेली मी त्याआधी पाहिली नव्हती. मला फक्त मान हलवायची होती, आणि माझं जंगलही राहिलं असतं, त्यांची इभ्रतही. मी मान हलवली नाही.

‘ते खोटं होईल बाबा. मी ध्यान करत नाही. वंदनासुद्धा म्हणत नाही. मी इथे काहीही करत नाही.’

आता मात्र ते भडकले. ‘काहीही करत नाही! आपल्या लोकांत आजवर रिकामं बसायला कुणाला मिळालं आहे? माझी माय मला जन्म देऊन चार दिवसांत जंगलात गेली होती. कायले? मोळी आणाले! आपण जंगलात जातो ते मोळीसाठी. बसायला नाही!’

‘म्हणूनच मी बसलेय,’ मी म्हटलं. माझाही आवाज चढला होता. ‘तुमच्या माईला झाडाखाली टेकायला मिळालं नाही. तुम्हाला मिळालं नाही. आईला तर अजून मिळत नाही. रिकामं बसणं ही फक्त दुसऱ्यांच्या मुलींची मिरासदारी आहे का? त्या सिमल्याला जाऊन बसतात, गच्चीवर बसतात, त्यांना कुणी विचारत नाही काय करता म्हणून. आपल्यातलं कुणीतरी पहिलं बसेल की नाही? मी बसते. आणि त्याला ध्यान म्हणायचं नाही, अभ्यास म्हणायचा नाही, आजारपण म्हणायचं नाही.’

 मी भात आणि डाळ केली. डाळ खाली लागली होती. बाबांनी ती मुकाट्याने खाल्ली आणि ताट स्वतः पंपावर जाऊन धुतलं. मग ओट्यावर माझ्यापासून जरा अंतर ठेवून बसले. समोरच्या गवतात वारा होता. आम्ही दोघं बराच वेळ तसेच बसलो. त्यांनी एकदाही घड्याळ पाहिलं नाही, पण माझ्याकडेही पाहिलं नाही.

सायकल आली. बाबांनी टाय नीट केला आणि कॅरिअरवर बसले. ‘येतो’ म्हणाले नाहीत, ‘ये’ म्हणाले नाहीत. गवताच्या वळणावर त्यांची पाठ दिसेनाशी झाली तेव्हा मला वाटलं, आपण बाप गमावला. मी रजईत तोंड खुपसून रडले. पण सामान बांधलं नाही. आज इतक्या वर्षांनीही, तेव्हा बांधायला हवं होतं असं मला वाटत नाही.

हिवाळा संपताच, होळीच्या आधी, माझं ठरलं होतं तशी, मी आपणहून परत आले. बाबा ऑफिसात होते. भावाने दार उघडून ‘आ गई जंगली!’ म्हणत माझी रजई ओढून घेतली. आईने मला स्वयंपाकघरात नेलं, पाटावर बसवलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून सांगायला लागली.

बाबा माझ्याकडून परतले त्यानंतरच्याच रविवारची गोष्ट. वंदना झाली होती, खोली माणसांनी भरलेली होती, चहा आईच देत होती. त्यांच्यातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या गृहस्थांनी, भलेपणानेच, विषय काढला. म्हणाले, ‘पोरगी ध्यानाला बसली म्हणे जंगलात. साधू, साधू! मोठं पुण्याचं काम.’ कुणी सांगितलं होतं कोण जाणे, लोकांनी आपलं आपणच ठरवून टाकलं होतं. बाबा नुसते गप्प बसले असते तरी भागलं असतं.

‘नाही,’ बाबा म्हणाले. ‘ध्यानबिन काही नाही. रिकामी बसली आहे.’

‘रिकामी? परीक्षा सोडून?’

‘हो. परीक्षा सोडून.’

आई म्हणाली, त्या गृहस्थांनी हातातली कपबशी खाली ठेवली. मग ते गृहस्थ म्हणाले, ‘अहो, मग कुणीतरी तिला समजवायला पाहिजे.’

‘ज्याला समजवायचं असेल त्यानं चारबागवरून गाडी पकडावी,’ बाबा म्हणाले. ‘मी जाऊन आलो. मले नाही जमलं. आन् खरं सांगू का, नाही जमलं तेच बरं झालं.’