पडवीतलं गाऱ्हाणं

पोलादपूर तालुक्यातल्या आमच्या गावात मोबाइलची रेंज भारी लहरी. आमच्या घरात ती फक्त पडवीत येते, म्हणून माझं ऑफिसही पडवीतच. पुण्याच्या कंपनीचं काम मी इथूनच करते आणि मला हे मनापासून आवडतं. पण आमच्या टीमच्या प्रमुख मॅडमनी बजावलं होतं, की यंदाचं ऑनलाइन स्नेहसंमेलन गेल्या वर्षीसारखं मुकं झालं तर तुझं घरून काम बंद, मुकाट्याने पुण्याला यायचं. संमेलनाची जबाबदारी माझ्यावरच होती.

मी जय्यत तयारी केली. प्रश्नमंजूषा, मतदान, छोट्या गटांत गप्पा, सगळं. प्रत्यक्षात जमले ते पडदाभर काळे चौकोन. काही विचारलं की एखादा अंगठा उमटायचा आणि पुन्हा सामसूम. मी आपली एकटीच हसत होते, तेही उसनं.

तेवढ्यात थोरले काका पडवीत आले. शिमगा तोंडावर होता आणि पालखीचं ठरवायला गावच्या मुंबईकरांची मीटिंग माझ्याच लॅपटॉपवर भरायची. देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय ती सुरू होत नाही आणि ते घालायचा मान काकांचा. पडद्यावरचे चौकोन बघून त्यांना वाटलं, मंडळी जमली, आपल्यालाच उशीर झाला. मी खुणा करेपर्यंत त्यांनी टोपी सारखी करून हात जोडलेसुद्धा.

“बा देवा म्हाराजा, ही तुजी लेकरां लांब लांब बसून एकत्र आली हायत. कोनाची काय अडचन असंल ती दूर कर रे म्हाराजा.”

आता नोकरी गेलीच, असं मला वाटलं. पण एका काळ्या चौकोनातून खणखणीत उत्तर आलं, “व्हय म्हाराजा.” चिपळूणकडचा एक सहकारी होता तो. त्याने कॅमेराही लावला. बाकीचे विचारायला लागले, हे काय चाललंय? म्हटलं, झालंच आहे तर होऊन जाऊ दे. मी समजावून सांगितलं, की एकाने आपली अडचण देवापुढे मांडायची आणि बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं.

मग काय विचारता! एकाने मागितलं, शुक्रवारी संध्याकाळी नवीन काम काढणाऱ्यांना सुबुद्धी दे. दुसरीने मागितलं, वरच्या मजल्यावरचं ड्रिल मशीन बंद पडू दे. मराठी न येणारेही ओरडायला लागले. एकेक चौकोन उजळत गेला. काका प्रत्येकाला मान डोलावून पावती देत होते.

शेवटी सगळ्यांनी मलाच पुढे केलं. मी धीर करून हात जोडले.

“बा देवा महाराजा, मला इथेच, या पडवीत बसून काम करू दे.”

पडदा दणाणला. काका मात्र लॅपटॉपजवळ वाकून निरखून बघत होते. त्यांनी बोट ठेवलं ते नेमकं मॅडमच्या चौकोनावर.

“ह्या बाय काय बोलल्या नायत गो. सगल्यांनी म्हटल्याबिगर गाऱ्हानं पुरं होत नाय.”

मॅडम आधी काकांकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे. त्यांनी माइक सुरू केला आणि अगदी शुद्ध पुणेरी उच्चारांत म्हणाल्या, “होय, महाराजा.”