किटवरची एकच रेघ

लाकडी स्टूल माझ्या डाव्या मनगटावर आदळलं, तेव्हा हाड मोडल्याचा आवाज मला आधी ऐकू आला, दुखलं नंतर.

"तूच सांगितलंस ना गो, माझ्या आवशीक कायच नाय म्हणान!" तो ओरडत होता.

मालवणच्या किनाऱ्यावरच्या एका छोट्या सरकारी दवाखान्यात मी तेव्हा लॅब टेक्निशियन होते. तो मासेमारीच्या ट्रॉलरचा मालक, अख्ख्या गावाला ठाऊक असलेला. त्याच आठवड्यात तापाने फणफणलेल्या आईला घेऊन आला होता. करोनाची दुसरी लाट चालू होती. अँटिजेन टेस्टच्या किटवर पाव तासात उत्तर मिळायचं, पण ते कितपत खरं हे तपासायला आम्ही प्रत्येकाचे दोन स्वॅब घ्यायचो. एक किटवर, दुसरा बर्फाच्या पेटीतून जिल्ह्याच्या लॅबला. मग दोन्ही उत्तरं ताडून बघायची. किटवर दोन रेघा उमटल्या की लॅबही बहुधा पॉझिटिव्हच सांगायची. एकच रेघ आली, म्हणजे निगेटिव्ह, तर मात्र भरवसा नसायचा. ताप-खोकल्याची कितीतरी माणसं किटमधून निसटायची.

त्याच्या आईच्या किटवर एकच रेघ आली, तेव्हा हे मी त्याला सांगितलं होतं. "लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत आईंना इथेच ठेवा."

"निगेटिव आसा मां? मग घराक व्हरतंय तिका," म्हणत त्याने तिला गाडीत बसवलं.

लॅबचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. डॉक्टरबाईंनी फोनवर फोन केले, तो उचलेना. शेवटी आणलं तेव्हा म्हातारीचे ओठ निळे पडले होते. आम्ही ऑक्सिजन लावला, पण ती गेली.

तिला अग्नी देऊन तो भावांसकट थेट दवाखान्यात आला. काचा फोडल्या, सिलिंडर लाथांनी आडवे केले. रांगेतल्या एका बाईच्या कपाळात काच घुसली. डॉक्टरबाईंना केसांना धरून भिंतीवर आपटलं. पोलीस आले तेव्हा फरशी रक्ताने चिकट झाली होती. तक्रार मी नोंदवली.

प्लास्टर घालून मी पुन्हा कामावर गेले. माणसंच नव्हती, दुसरं कोण करणार? जामिनावर सुटलेला तो एका सकाळी भावांच्या खांद्यावर रेलत आला. अंगात ताप, धाप लागलेली. त्याच्या नाकात काडी घालताना ती जोरात आत खुपसावी असं वाटलं. मी नेहमीइतकीच घातली.

किटवर एकच रेघ.

"कायच नाय तुका, चल घराक," एक भाऊ म्हणाला.

"हे उत्तर चुकू शकतं," मी म्हटलं. "थांबायला हवं."

भाऊ माझ्या अंगावर धावला. मी भिंतीला टेकले. तेवढ्यात ट्रॉलरवाल्याने उठून त्याच्या तोंडात अशी भडकावली की तो बाकावर कोसळला.

"आवस अशीच गेली माझी! हिका हात लावशात तर बघा. मी हयच रवतलंय." एवढं बोलून तो खोकत खाली बसला.

लॅबने त्याला पॉझिटिव्ह ठरवलं. बरेच दिवस ऑक्सिजनवर होता, पण वाचला.

घरी जाताना तो माझ्यासमोर हात जोडून उभा राहिला. "बाय, केस मागे घेशात?"

"नाही," मी म्हटलं.

त्याने मान हलवली आणि तो गेला. पुढे कोर्टात मी साक्ष दिली. त्याने गुन्हा कबूल केला, त्याला शिक्षा झाली. मला त्याची कीव आली, पण केस मागे न घेतल्याचं वाईट कधी वाटलं नाही.