पंजाबात पाऊस, नायगावात थंडी

वसई तालुक्यात थंडी पडते ती माझ्या बायकोच्या मामांना विचारूनच, असं निदान मामांचं तरी प्रामाणिक मत आहे. नायगावला खाडीकडेला त्यांचं घर. पुढे भाताचं शेत, पलीकडे मिठागरं, आणि मागून हळूहळू पुढे सरकत आलेले टॉवर. चारचौघांना बोलायला विषय उरला नाही की ते हवापाण्यावर येतात; मामा हवेवरून दुसऱ्या विषयावर जातच नाहीत. आम्ही विरारहून त्यांच्याकडे गेलो की ‘या, बसा’च्या आधी ते विचारतात, "विरारला वारा कुठला?" फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाला वारा पंख्याचा, एवढंच ठाऊक. मी आपली एखादी दिशा ठोकून देतो आणि मामा, भाची चुकीच्या घरात दिली गेली, अशा नजरेने माझ्याकडे बघतात.

मामांचं शास्त्र तसं सरळ आहे, आणि इतक्या वर्षांत ऐकून ऐकून मलाही ते पाठ झालं आहे. आपली थंडी आपल्याकडे तयार होत नाही, ती बाहेरगावाहून येते. हिवाळ्यात उत्तर हिंदुस्थानावर फार उंचावरून पश्चिमेचा जोरदार वारा वाहत असतो. त्याच्याबरोबर थेट भूमध्य समुद्राकडून ढगाळ हवा येते, पंजाबात पाऊस आणि हिमाचलात बर्फ टाकून पुढे निघून जाते, आणि तिच्या मागोमाग कोरडा गार वारा राजस्थान, गुजरात करत आमच्यापर्यंत उतरतो. थोडक्यात, पंजाबात पाऊस झाला की दोन-तीन दिवसांत नायगावात शाली बाहेर काढायच्या. समुद्रावरचा दमट वारा जोरात असला तर मात्र तो या पाहुण्याला वेशीवरूनच परत पाठवतो. हा उंचावरचा वारा कधी सरळ वाहतो, कधी खाली झोळ घेतो, आणि झोळ जितका मोठा तितकी थंडी दक्षिणेला सरकते, हे समजावताना एकदा मामांनी मामींची कपडे वाळत घालायची दोरी मधोमध धरून खाली ओढली. दोरी तुटली आणि धुतलेल्या चादरी अंगणातल्या मातीत बसल्या. मामी बाहेर आल्या. "झाली थंडी खाली उतरून?" एवढंच विचारून त्या चादरी गोळा करून पुन्हा धुवायला गेल्या.

मोबाईलवरचं हवामान मामा मानत नाहीत. मोबाईल आकडा सांगतो, हवा सांगत नाही; हवा माणसाने माणसाला विचारायची असते, असं त्यांचं म्हणणं. म्हणून माणिकपूरला रिक्षाचे स्पेअर पार्ट विकणाऱ्या एका सरदारजींशी त्यांनी ओळख काढली. मामांकडे रिक्षा नाही. पण सरदारजींचा भाऊ जालंधरजवळ शेती करतो, तेवढं मामांना पुरलं. नोव्हेंबर लागला की मामा दुकानात जाऊन स्टुलावर बसतात. सरदारजी गिऱ्हाइकाला थांबवून भावाला फोन लावतात, ढग आहेत का, वारा कुठला, याची पंजाबीतून चौकशी करतात आणि हिंदीतून मामांना सांगतात. शेवटचा प्रश्न मामांचा ठरलेला असतो, "लुधियाना में भी है क्या?" मी बरोबर होतो तेव्हा सरदारजी मला बाजूला घेऊन म्हणाले, "मेरे भाई को लगता है, आपके मामाजी जहाज चलाते हैं."

लुधियानात मामांचा एकुलता एक मुलगा नोकरीला आहे. त्याला फोन केला असता तर सगळी हवा घरबसल्या कळली असती. पण बापलेक एकमेकांशी बोलत नव्हते.

त्यालाही कारण हवाच. मुलाचं लग्न डिसेंबरात, गावातच, मोकळ्या मैदानात ठरलं होतं. वर ताडपत्री घाला, असं सगळ्यांनी सांगितलं. मामा हटून बसले. पंजाबात पाऊस होऊन गेलाय, आता इकडे कोरडा उत्तरेचा वारा लागणार, पाहुणे चांदण्यात जेवतील. मांडववाल्याने आणलेलं छताचं सामान त्यांनी परत न्यायला लावलं. संध्याकाळी मुलीकडची मंडळी जेवायला बसली आणि समुद्राकडून ढग चढून आले. त्या खेपेला वरच्या वाऱ्याने नेमका आपल्यापर्यंत झोळ घेतला आणि समुद्रावरची दमट हवा ओढून आणली, हे मामांनी मला नंतर फार नीट समजावून सांगितलं. पण त्या संध्याकाळी जिलेब्या पावसाच्या पाण्यात तरंगत होत्या, नवरीची आई डोक्यावर खुर्ची धरून उभी होती, आणि चिंब झालेला नवरदेव सगळ्यांदेखत म्हणाला, "बाबा, यापुढे माझ्यासमोर हवेचं नाव काढू नका." मामांकडे बोलायला दुसरं काही नव्हतंच. ते मुलाशी बोलायचेच थांबले. पुढे मुलगा बायकोला घेऊन लुधियानाला गेला. त्याचा फोन मामींना यायचा, आणि तो आला की मामा उठून शेताकडे चालू लागायचे. मला या हट्टाचा रागही यायचा आणि वाईटही वाटायचं.

गेल्या हिवाळ्यात सरदारजी पुतणीच्या लग्नाला गावी गेले आणि दुकान बंद राहिलं. मामांचे हाल बघवत नव्हते. आम्ही रविवारी गेलो तेव्हा ते ओटीवर येरझाऱ्या घालत होते. दुपारी मामींचा फोन वाजला. मुलाचा आहे हे कळताच मामा चपला शोधू लागले. मामी एका कानाने कमी ऐकतात, म्हणून फोन नेहमी स्पीकरवर ठेवतात. पलीकडून मुलगा म्हणाला, "आई, बाबांना दे."

मामींनी फोन मामांच्या हातात ठेवला. मुलगा म्हणाला, "बाबा, इकडे सकाळपासून पाऊस लागलाय."

मामांनी विचारलं, "वारा कुठला?"

"थांबा, गच्चीवर जाऊन बघतो."

जिन्यावर चपलांचा आवाज आला, मग पावसाचा. "पूर्वेचा वाटतोय."

"मंग अजून सरला नाय पाऊस. वारा फिरून उत्तरेचा लागेल, तेव्हा सांग. आनि आत जा आता. पानी लागेल डोक्याला."

वारा फिरल्याचं सांगायला मुलाचा दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन आला. थंडी मात्र आमच्यापर्यंत पोचलीच नाही; समुद्राचा वारा आडवा आला आणि आम्ही जानेवारीतही पंखे लावून झोपलो. मामांचा अंदाज पुन्हा चुकला म्हणून मी त्यांना फोनवर जरा चिडवलं. एरवी त्यांनी मला अर्धा तास झोळ समजावून सांगितला असता.

"माझा चुकला," मामा म्हणाले. "पोरानं सांगितलं ते बरोबर होतं."