सावलीची दवंडी

आमच्या गावच्या कोतवालाची दवंडी सरकारी मजकुरावर कधीच संपत नसे. आमचं गाव साकोली तालुक्यात, एकोडीच्या अलीकडे. देवीची लस टोचणारे येणार असोत की सरकारला द्यायचा लेव्हीचा धान मोजायचा असो, उन्हाळा लागला की शेवटी डफड्यावर आणखी दोन थापा पडत आणि कोतवालकाका ओरडत, "अन् कुत्रं बांधलं असंन तं साउली पाहून बांधजा हो! साउली सरकते, बांधलेलं कुत्रं सरकत नाही!"

"कोतवाल, हे बी तहसीलदारानं सांगतलं का?" कोणीतरी विचारीच.

"तहसीलदाराले जीभ बाहेर काढून बसा लागत नाही जी," म्हणत काका पुढच्या गल्लीत वळत.

भर दुपारी डांबरी सडकेवरून कुत्रं घेऊन कोणी निघालं, की ते त्याला थांबवत आणि हाताची उलटी बाजू सडकेवर टेकवायला लावत. माणूस चटकन हात उचली. "काहून उचलला? त्याचे तं चारही पाय तेथीच आहेत." विहिरीच्या सांडपाण्याजवळ त्यांनी एक उथळ खड्डा खणला होता. गावची कुत्री दुपारभर त्या चिखलात पोट टेकून पडलेली असत. कुत्र्याला माणसासारखा घाम सुटत नाही, ते जिभेनं निवतं, हे मला शाळेत कोणी शिकवलं नाही. काकांनी सांगितलं.

दवंडी मीही ऐकत होते. ऐकणं आणि लक्षात ठेवणं वेगळं. पाचवीत होते तेव्हाची गोष्ट. आईबाबा पहाटेच तेंदूपानं तोडायला जंगलात गेले होते. आमचा कुत्रा भुऱ्या त्यांच्यामागे जाऊ नये म्हणून मी त्याला गोठ्याच्या भिंतीशी बांधला आणि शेजारच्या काकूकडे शेवया करायला गेले. सकाळी तिथे गार सावली होती. ती भिंत पश्चिमेची आहे, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

तिसऱ्या प्रहरी ओरडा झाला, "पिसाळलं! पिसाळलं!" धावत गेले. भुऱ्या दोर कुरतडून पळाला होता आणि झिंगल्यासारखा चावडीसमोर येऊन कोसळला होता. तोंडाला दाट फेस, जीभ लालभडक. भोवती लाठ्या घेतलेली माणसं. पिसाळलेलं कुत्रं मारणं हे गावात कोतवालाचं काम. पाटील म्हणाले, "पाहतोस काय? हाण!"

काकांनी लाठी खाली ठेवली. "थांबा जी पाटील. गळ्यात दोर आहे याच्या. उनानं झालं असंन."

"अन् चावलं तं?"

"चावंन तं मले चावंन."

ते भुऱ्याजवळ बसले आणि त्याच्या जांघेत हात घातला. भुऱ्यानं मान वळवून मनगटच दातांत धरलं. लाठ्या उठल्या. काका त्याच्यावर आडवे झाले आणि तसेच मला म्हणाले, "पोरी, रडू नोको. पाणी आन."

मी घागर आणली. पोट, जांघा, पंजे ते भिजवत राहिले. कोणी ओलं पोतं पांघरलं, ते त्यांनी फेकून दिलं. "झाकू नोका, आत उकडते. सुपानं वारा घाला." कोणी तोंडात पाणी ओतायला गेलं, तर त्याचा हात धरला. "नरड्यात जाईन. शुद्ध आली का आपल्या जिभेनं पेते." मनगटाचं रक्त त्याच पाण्यात वाहत होतं. बऱ्याच वेळानं भुऱ्यानं मान उचलली आणि खाली साचलेलं पाणी चाटलं.

जखम झालीच होती. त्या काळी पोटात चौदा सुया घ्याव्या लागत. काका रोज यष्टीनं भंडाऱ्याला जाऊ लागले. कुत्रं दहा दिवस धड राहिलं तर पुढच्या सुया नकोत, असं डॉक्टर म्हणाले, म्हणून भुऱ्याला त्यांनी स्वतःच्या दारात बांधलं. मी रोज सकाळी भाकर घेऊन जाई, तेव्हा काका त्याच्यापुढे पाणी ठेवून पाहत बसलेले असत. एक दिवस कबूल केलं, "काका, मीच बांधलं होतं त्याले उनात." त्यांचं पोट सुजलं होतं, धोतर सैल बांधलेलं. "सकाळी ऊन नोहोतं न तेथी?" एवढंच म्हणाले. अकराव्या दिवशी दोर सोडून भुऱ्या माझ्या हाती दिला.

पुढे मी लग्न होऊन वरठीला आले. काकांची नोकरी संपल्यावर एकदा माहेरी गेले असता त्यांना भेटले. ती शेवटची भेट. इतकी वर्षं मी जे धरून चालले होते ते बोलून दाखवलं, "काका, भुऱ्या पिसाळला नोहोता हे तुम्हाले दुरूनच समजलं होतं, नाही का?"

"नाही वं बाई. दोर तोडून पिसाळलेलं बी येते. पक्कं कोणाले माहीत होतं?"

"मंग हात कसा घातला?"

"हात लावल्याबिगर आंग तपलं का नाही, हे कसं समजंन?"

म्हणजे ते दहा दिवस, रोज सकाळी भुऱ्यापुढे पाणी ठेवून तो पितो का ते पाहताना, त्यांनाही ठाऊक नव्हतं.