चांदीचा कुत्रा

ती घटना मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही. मी ती विसरावी असे ज्यांना वाटत होते, त्यांनी माझी बदली करून पाहिली.

तेव्हा मी भिलाईतल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपली आणि खबऱ्याचा फोन आला. स्मृति नगरातल्या एका घरात बंदूक आहे, दिवसभर ठोकाठोक चालते. गावठी कट्ट्यांचा कारखाना सापडणार या हिशेबाने आम्ही छापा घातला. सापडला स्टील प्लांटमधून रिटायर झालेला एक कारागीर, मूळचा भंडाऱ्याकडचा. समोर चांगली कंपनीची दुनाळी बंदूक. तिच्या घोड्याजवळच्या पोलादी पट्टीवर बारीक खाचा कोरून तो त्यांत चांदीची तार हातोडीने ठोकून बसवत होता. भोवती वेलबुट्टी, मधोमध एक कुत्रा.

नंबरावरून मालक निघाला नेहरू नगरातला एक बडा ठेकेदार. बोलावल्याबरोबर तो चोरीची तक्रार घेऊनच आला. बंदूक कपाटातून चोरीला गेली म्हणे. बिनपरवाना माणसाच्या हाती स्वतः दिली असे कबूल केले, तर लायसन जाणार होते. दुपारी वरून फोन आला, चोरी लावा आणि मोकळे व्हा.

मी कारागिराला समोर बसवले.

"बंदूक तुमच्याकडे कशी आली?"

"त्यायनंच आणून देली साहेब. दसऱ्याच्या पूजेले सजवून पायजे म्हणे."

"लायसन नसताना घरात बंदूक ठेवणे गुन्हा आहे, ठाऊक होते?"

"ठाऊक होतं. तो गुन्हा माहा, लिवा. पण मले चोर कावून म्हणून राहिले?"

चोरीही घातलेला कबुलीजबाबाचा कागद त्याने परत सरकवला. "जेवढं केलं तेवढं लिवा. बाकीच्यावर मी सही करत नाई."

सराईत चोर आधी सगळेच नाकारतो, मग जेवढे उघडे पडेल तेवढे मान्य करतो. हा उलटा चालला होता. मी बंदुकीकडे बोट दाखवले. "कुत्र्याचा कान अर्धाच राहिला."

"कान पुरा झाला. त्याचा तेवढाच हाय. ते कुत्र्याले संग घेऊन आले होते, पाहून काढला. डोळा राहिला फक्त."

दुसऱ्या दिवशी नक्षीचा फोटो घेऊन मी ठेकेदाराकडे गेलो. फाटकातच एक कुत्रा भुंकत अंगावर आला. डावा कान अर्धा तुटलेला. ठेकेदार हसला. "ऐसे कुत्ते बहुत घूमते हैं, साहब."

त्याची बायको चहा घेऊन आली. टेबलावरचा फोटो तिने हातात घेतला.

"अरे, आँख अभी तक नहीं बनाई उसने? दशहरा तो आ गया."

ठेकेदाराने कप खाली ठेवला. मी कागद काढला आणि तिथेच दोघांचे जबाब नोंदवले.

वरून पुन्हा फोन आला. मी म्हणालो, "साहेब, तोंडी नको, लेखी द्या." लेखी आले नाही, बदलीचा आदेश आला. तोवर चालान, म्हणजे आरोपपत्र, कोर्टात गेले होते. शस्त्र कायद्याखाली दोघेही, कारागीर बंदूक ठेवल्याबद्दल, ठेकेदार ती दिल्याबद्दल. चोरी कोणावरच नाही, खोट्या तक्रारीचा अहवाल वेगळा.

निघायच्या दिवशी जामिनावर सुटलेला कारागीर ठाण्यात आला. बंदूक मालखान्यात सीलबंद होती.

"साहेब, डोळा तेवढा भरू द्या."

"मुद्देमालाला मीसुद्धा हात लावू शकत नाही."

त्याला वाईट वाटले, मलाही वाटले. तो म्हणाला, "राहू द्या मंग आंधळा. मले चोर नाई लिवलं, बस झालं."

आपला गुन्हा जो तोंडावर कबूल करतो, त्याच्या नकारालाही तेवढीच किंमत द्यावी, हे मी त्याच्याकडून शिकलो. बदलीने माझे काही बिघडले नाही. आजही कोणी ती केस डायरी माझ्यापुढे ठेवली, तर फोन कुठूनही येवो, मी जेवढे घडले तेवढेच लिहीन.