लपवलेला ताप

मारोती खिल्लारे ऐरोलीतल्या एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन होता, आणि दोन हजार वीसच्या एप्रिलात सोसायटीने त्याला अर्धा डॉक्टर करून टाकलं. सेक्रेटरी नंदकुमार यांनी ताप मोजायची गन त्याच्या हातात दिली आणि बजावलं, "शंभरच्या वर आकडा गेला की आत सोडायचं नाही. माझा सख्खा मेहुणा असला तरी!" मेहुणा लॉकडाऊनमुळे पुण्यात अडकला होता, त्यामुळे नंदकुमारांना असं बोलणं परवडत होतं.

मारोती मूळचा हिंगोलीकडचा. एकोणीस वर्षं पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पॅकिंगला होता, तो बंद पडला तेव्हा वॉचमनचा निळा शर्ट अंगावर चढवला. कोणाला दारातून परत पाठवायचं म्हणजे त्याच्या जिवावर यायचं. भाजीवाले, सिलिंडरवाले भर उन्हातून यायचे आणि गन एकशे एक दाखवायची. मग मारोती त्यांना सावलीत बसवायचा, ओला रुमाल कपाळावर दाबायला लावायचा, की पाच मिनिटांत आकडा सत्त्याण्णव. त्यात लबाडी नव्हती. ती माणसं खरोखर उन्हानेच तापलेली असायची.

पण मंगळवारी त्याच्या स्वतःच्या घरात दुखणं आलं. मुलगी क्रांती, बारावीची परीक्षा देऊन बसलेली, तिच्या बेंबीभोवती कळा यायला लागल्या. ओवा झाला, हिंग झाला. बुधवारी दुखणं उजवीकडे खाली सरकलं आणि पोरीचं अंग चटका बसावा इतकं तापलं.

ताप म्हटल्यावर मारोतीची पाचावर धारण बसली. पलीकडच्या गल्लीतल्या पोपट ड्रायव्हरला तापातच उचलून नेलं होतं. तो परत आला नाही, आणि बायकोला त्याचं तोंडसुद्धा बघू दिलं नाही. त्यात खोलीमालक हरेशशेठ सकाळीच दारात येऊन गेले. "मारोती, तापबिप नाय ना कोनाला घरान? नायतर आख्खी गल्ली सील करतील."

"नाही शेठ," मारोती म्हणाला. पहिलं खोटं तिथेच बोलून झालं.

रिक्षा बंद होत्या. सोसायटीत भाजी आणणाऱ्या टेम्पोवाल्याच्या हातापाया पडून त्याने क्रांतीला मागे झोपवलं. पेशंटबरोबर एकालाच सोडत होते, म्हणून बायको बयाबाई घरी राहिली. तिने निघताना बजावलं, "ताप हाय म्हून आधी सांगजा बरं डाक्टरला. भिऊ नका."

"सांगतो," तो म्हणाला, आणि सांगायचं त्याच्या मनातही होतं.

हॉस्पिटलच्या गेटवर मात्र दोन रांगा होत्या. ताप असलेले डावीकडे, नसलेले उजवीकडे. डावीकडची माणसं एकेकटी आत जात होती, नातेवाईक बाहेरच अडवले जात होते, आणि एक म्हातारी फाटकाला धरून कोणाच्या तरी नावाने हाका मारत होती. ते बघून मारोतीचं अवसान गळालं. तापाची गोळी त्याने क्रांतीला घरीच दिली होती. आता त्याने बाटलीतलं पाणी टॉवेलवर ओतलं.

"कपाळावर धर."

"बाबा, सांगायला पाहिजे ना?" क्रांतीने विचारलं.

"आत गेल्यावर सांगू."

गनने सत्त्याण्णव दाखवलं. केसपेपरवर शिक्का बसला: ताप नाही. प्लास्टिकच्या पडद्यामागचा डॉक्टर तरुण होता आणि त्याचे डोळे झोपेवाचून लाल झाले होते. त्याने विचारलं, "ताप आहे?"

मारोतीच्या तोंडापर्यंत आलं होतं. पण आता कबूल केलं तर गेटवर फसवलं म्हणून पोलीस केस होईल, आणि पोरगी डावीकडे जाईल ती जाईलच. "नाही साहेब," तो म्हणाला.

डॉक्टरने पोट दाबून पाहिलं, इंजेक्शन दिलं. "गॅस वाटतोय. सोनोग्राफी सध्या अर्जंटलाच करतोय. ताप आला तर मात्र लगेच परत आणा." मारोतीने मान डोलावली. त्याच्या हातातला क्रांतीचा हात तेव्हाही गरम होता.

गुरुवारी सकाळी आठला क्रांती म्हणाली, "बाबा, दुखायचं थांबलं." एकदम थांबलं होतं. मारोतीला इतका आनंद झाला की तो ड्यूटीवर पोचताच भाजीवाल्यालाही सांगून मोकळा झाला. दुपारी एकला बयाबाईचा फोन आला. "पोरगी थंडगार पडलीया. पोट फुगलंय, हात लावू देईना. तुमी या!"

पुन्हा तोच टेम्पो, तेच हॉस्पिटल. या वेळी सर्जन डॉक्टर नमिता खाली आल्या. डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या प्लास्टिकमध्ये. फक्त डोळे दिसत होते. त्यांनी पोट तपासलं, कालचा केसपेपर वाचला आणि थांबल्या.

"ऑपरेशन लागेल. पण कोरोनाचा रिपोर्ट यायला सहा तास आहेत, आणि त्याशिवाय भूल द्यायला डॉक्टर तयार होत नाहीत. आमचे दोघे आधीच आजारी पडलेत. काल ताप नव्हता, म्हणजे हे आजच बिघडलंय. सलाईनवर सहा तास काढेल." मग त्यांनी मारोतीकडे बघितलं. "काल ताप नव्हता ना? नक्की?"

कागद त्याच्या बाजूने होता. गप्प राहिला असता तर त्याला कोणी काही म्हटलं नसतं. त्याने क्रांतीकडे पाहिलं. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"होता," तो म्हणाला. "बुधवारी सकाळपासनं होता मॅडम. मी गोळी दिली. गेटवर ओला टॉवेल लावला. डॉक्टरला खोटं सांगितलं. आज आठ वाजता दुखायचं एकदम थांबलं, तर मला वाटलं बरी झाली."

डॉक्टर नमिता ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. "आठला अपेंडिक्स फुटलंय," त्या नर्सला म्हणाल्या. "रिपोर्ट मागाहून बघू. भूलवाल्यांना मी बोलते. आत घ्या हिला." त्याची सही घेतली आणि स्ट्रेचर गेलंसुद्धा. क्रांतीने मान वळवून बघितलं का, हेही त्याला कळलं नाही.

दोन तासांनी त्या बाहेर आल्या. "अपेंडिक्स फुटून पोटभर पू झाला होता. धुऊन काढलाय. पण उद्यापर्यंत मला काही विचारू नका." पोलीस आले नाहीत. मारोती जिन्याजवळ बसून राहिला, दार वाजलं की उठायचा, पुन्हा बसायचा.

सहा तासांत यायचा रिपोर्ट शुक्रवारी दुपारी आला, नर्सने तो वाचला. कोरोना नव्हताच. ताप होता तो पोटाचाच. "अजून धोका आहे," ती म्हणाली, "पण पाणी मागितलं तिने."

त्याने बयाबाईला फोन लावून एवढं सांगितलं. ती रडली आणि मग तिच्या तोंडाचा पट्टा सुटला. कालपासून ती सगळ्या चाळीला तेच सांगत होती. "त्या मुडद्या डाक्टरला ताप बी कळंना? माझ्या लेकराला गॅस म्हून घरी धाडलं! त्याचं वाटोळं व्हईल!"

"बये, त्याला शिव्या देऊ नको," मारोती म्हणाला. "त्याला मी कळूच दिलं नाही. ताप मी लपवला."

ती बोलली ती अगदी हळू.

"मला तुमच्याशी एक शबुद बोलायचा न्हाई. पर फोन ठिवू नका. मला लई भ्या वाटतंय."

त्याने फोन ठेवला नाही.